तुमच्या पोराला इथं लावताल का?

छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

अभय,

आधी सवयीनं 'प्रिय' लिहिलं होतं. ते खोडलं, मग खोडलेलं दिसू नये म्हणून हा दुसरा कागद घेतला. पत्र बघून तुला हसू येईल. पण व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, आणि फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे' असा तयार मेसेज येतो. कागदावर अंगठा दाखवता येत नाही. पाकिटावर 'व्यक्तिगत' लिहिते आहे, म्हणजे तुझी सेक्रेटरी ते फोडणार नाही.

गेल्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये तू माईक हातात घेऊन काय म्हणालास, आठवतं? "आजचे एमबीए विचारच करत नाहीत. कॉपी-पेस्ट करतात. मला विचार करणारा एक विद्यार्थी द्या, मी त्याला उद्या नोकरी देतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना नावं ठेवली त्यांनीच. मीही वाजवल्या. बावीस वर्षांपूर्वी याच संस्थेत एका बाकावर बसून आपण एमबीए केलं. आज मी तिथंच शिकवते, तू वाळूजच्या एवढ्या मोठ्या कारखान्याचा एचआर प्रमुख आहेस आणि आमच्या सल्लागार मंडळावर आहेस. मला तुझा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

तुला विचार करणारा विद्यार्थी हवा होता ना? तो तुझ्याच कारखान्यात दोन महिने होता. करुणा. कन्नड तालुक्यातली. वडील धोंडिबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मी तिला मुद्दाम तुझ्याकडे पाठवलं, कारण तू तिथं आहेस. 'कर्मचाऱ्यांचे समाधान' हा तिचा विषय. तिनं रिपोर्ट लिहिला, तुझ्या टेबलावर ठेवला आणि कंपनीचं प्रमाणपत्र मागितलं. तू ते दिलं नाहीस. का, तर शेवटच्या प्रकरणात तिनं 'बहुतांश कर्मचारी समाधानी आहेत' असं लिहिलेलं नाही.

नियम तुला पाठ आहेत, तरी लिहिते. पहिल्या पानावर कंपनीचं प्रमाणपत्र नसेल तर संस्था रिपोर्ट घेत नाही. रिपोर्ट नाही तर तोंडी परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं. शेवटची तारीख तीस सप्टेंबर.

तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीतून रिपोर्ट उचललेत. तुला ती गल्ली माहीत आहे. मरून कव्हर, सोनेरी अक्षरं, कंपनीचं नाव तेवढं बदलून मिळतं. त्या सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. त्यातले दोन तर तुझ्याच कंपनीचे आहेत, आणि ते पोरगे तुझ्या गेटच्या आतसुद्धा आले नव्हते. त्यांच्या रिपोर्टात सगळे समाधानी आहेत.

कोणी विचार केला, अभय? आणि कोणाला शिक्षा झाली?

प्रमाणपत्र पाठव.

सरिता

•

छत्रपती संभाजीनगर
२४ ऑगस्ट २०२५

अभय,

पत्राला उत्तर म्हणून फोन केलास. बरं केलंस. पण फोनवर तूच बोललास. मी बोलायला लागले की 'ऐक ना, ऐक ना' म्हणत होतास. म्हणून पुन्हा कागद.

तू म्हणालास, "सरिता, बाकी रिपोर्ट चांगला आहे. फक्त शेवटचं प्रकरण बदलायला सांग. दोन पानांचा प्रश्न आहे." मी करुणाला निरोप सांगितला. हो, सांगितला. गाईड म्हणून माझं काम होतं असं मी स्वतःला म्हणाले. तिनं विचारलं, "आधीची पानं तशीच ठेवायची, आन् फक्त शेवट बदलायचा? मग वाचणारा येडा हाय का मॅडम?"

वाचणारा असतोच कुठं, हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटच्या प्रकरणातलं ते 'नाही' तिनं कसं मिळवलं, हे तू विचारलंही नाहीस. मी सांगते. पहिल्या आठवड्यात तुझ्या माणसांनी कामगारांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, सुपरवायझर दाराशी उभा केला आणि तिचे प्रश्नांचे फॉर्म वाटले. सगळ्यांनी एकाच रांगेत खुणा केल्या. "एका काकानं फॉर्म उलटा धरला होता मॅडम," ती सांगत होती, "तरी 'अत्यंत समाधानी'च आलं."

इथपर्यंत सगळ्यांचंच येतं. बाकीचे त्याचे रंगीत गोल आलेख काढून मोकळे होतात. ही तुझ्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली. रोज जाता-येता, कामगारांच्या शेजारी. आणि एकच प्रश्न विचारायची. तुमच्या पोराला इथं लावताल का?

पहिल्यांदा कचरू नावाच्या माणसाला विचारलं. तो म्हणे, "पोराला? दुश्मनाच्या पोराला लावतो की!" अख्खी बस हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "सायबाच्या जावयाला लावा, लई दिवस झाले हुंड्याची गाडी फिरवायलाय!" मग एक बाई म्हणाली, "पोरी, माझं नाव नको टाकू. पण नाय. माझी शिकायलीय." तेव्हा हसणं थांबलं. आणि एक जण म्हणाला, "मी लावीन. आमच्याकडं दुसरं हाय काय?" करुणानं हे 'हो'सुद्धा लिहिलं आहे, आणि त्याच्यापुढं त्याचं वाक्यही.

तू म्हणालास, प्रश्नच वाकडा आहे, असा प्रश्न विचारला की उत्तर 'नाही'च येणार. मलाही तीच शंका होती. मी तिला ती खोदून खोदून विचारली. तिनं शांतपणे सांगितलं, "मी आमच्या पप्पांला विचारलं होतं आधी. तुमच्या वर्कशॉपात मला लावताल का म्हणून. ते म्हणाले, लावतो की, परमनंट असली तर आजच चल. म्हणजे 'हो' पण येतं मॅडम. यायचं असलं तर."

हे मला शिकवता येत नाही, अभय. इतकी वर्षं संशोधन पद्धती शिकवते, पण आपला प्रश्न खोटा तर नाही ना हे आधी घरी तपासून बघावं, हे पुस्तकातला एकही धडा शिकवताना मी सांगितलेलं नाही.

आता तुझं शेवटचं वाक्य. ते फोन ठेवल्यापासून डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, "तिच्यासाठीच सांगतोय. पहिल्याच पायरीवर नाव खराब झालं की आपल्याला दुसरी पायरी कोणी देत नाही. तुला नाही कळणार ते."

त्या 'आपल्याला'मध्ये मी नाही. माहीत आहे मला. माझ्या बापाचं नाव सांगितलं की या शहरात निम्मी दारं उघडतात. तू त्या खुर्चीपर्यंत कसा पोचलास हे मी जवळून पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते कितीतरी असेल. त्यामुळे तुला उलट उत्तर द्यायचा मला हक्क आहे का, हे मी बरेच दिवस डायरीत लिहून खोडत होते.

पण करुणानं एक गोष्ट सहज सांगितली. रुजू व्हायच्या दिवशी ती तुझ्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "जयभीम सर." तू म्हणालास, "गुड मॉर्निंग." सांगताना ती हसत होती. मला नाही हसू आलं.

'आपल्याला' फोनवर माझ्यापाशी म्हणू नकोस. तिच्यापाशी म्हण.

सरिता

•

छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर २०२५

अभय,

कालच्या मीटिंगमध्ये आपण दोघंही होतो, तरी मला ती तुला सांगायची आहे, कारण तू जे पाहिलंस ते मी पाहिलं नाही बहुतेक.

'अभ्यासक्रम सुधार समिती.' भावी व्यवस्थापकांचं शिक्षण सुधारायला आपण आठ माणसं काजूच्या बश्यांभोवती बसलो. आप्पासाहेब अध्यक्ष, संस्था त्यांचीच. ते म्हणाले, "पुण्यावाल्यांच्या तोडीचं करायचं आपल्याला. काय लागंल ते सांगा." मग ज्याला जे लागतं ते त्यानं सांगितलं. डायरेक्टर सरांना स्मार्ट बोर्ड. प्लेसमेंटवाल्यांना नव्या लोगोचे ब्लेझर. मे महिन्यात आमची पोरं ब्लेझर घालून घामाघूम बसतात, आता लोगो बदलून बसतील. कोणीतरी तीन विषयांची नावं इंग्रजीतून आणखी इंग्रजीत केली. तू 'इंडस्ट्री-रेडी' हा शब्द इतक्या वेळा वापरलास की चहावाल्यालाही पाठ झाला असेल.

एकदाही कोणी म्हणालं नाही, की पोरांनी लिहिलेलं आपण वाचत नाही, ते आधी वाचू या.

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी काही ठरवून आले नव्हते. मी विचारलं, "आपल्यापैकी कोण आपल्या पोराला इथं घालेल?"

डायरेक्टर सर हसले. "मॅडम, हे अजेंड्यावर नाही."

"घ्या की अजेंड्यावर," मी म्हटलं.

आप्पासाहेब म्हणाले, "आमचा शिवराज लंडनला गेला, ते आधीच ठरलेलं होतं हो." जणू ते नवग्रहांनी ठरवलं होतं. मग त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, "ताई, तुम्ही लई मनावर घेता."

आणि तू. सगळ्यांकडे बघत, अगदी सहज म्हणालास, "ऑफकोर्स. सायलीसाठी हीच पहिली चॉइस असती. पण तिला डिझाइन करायचंय."

सायलीनं जुलैमध्ये पुण्याला एमबीएला प्रवेश घेतला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर तूच फोटो टाकला होतास, कॉलेजच्या कमानीखाली ती आणि तू. मीच त्याला अंगठा दाखवला होता.

मी तिथं बोलले नाही. पोरीला मधे ओढायचं नव्हतं, असं मी काल रात्री डायरीत लिहिलं. आज सकाळी वाचलं तर पटलं नाही. तुला सगळ्यांसमोर खोटं पाडायची भीती वाटली, हे जास्त खरं आहे. का वाटावी? तुला नाही वाटली.

बाहेर गाडीपाशी तू म्हणालास, "एका पोरीसाठी सगळं उधळतेस. अशानं कंपन्या आमच्याकडे इंटर्नच पाठवू नका म्हणतील. मग बाकीच्या पोरांचं काय करशील?" हे मी विचारात घेतलं नाही असं समजू नकोस. मला त्याचं उत्तर येत नाही. पण उलट बाजूनं बघ. जी कंपनी फक्त होकार ऐकायला आमची पोरं मागते, तिथं ती पोरं काय शिकून येतात? होकार द्यायला. दोन वर्षं आम्ही शिकवतो, दोन महिने तुम्ही शिकवता, आणि मग तू माईकवर येऊन सांगतोस की यांना विचार करता येत नाही. कसा येईल? विचार केला की वर्ष जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तुझ्या कारखान्यातला एखादा पार्ट वाकडा निघाला तर तू पार्टला भाषण देतोस, की साचा बघतोस?

तारीख पुढं ढकलणार नाही असं डायरेक्टर सरांनी मला काल संध्याकाळी कळवलं. मीटिंगआधीपर्यंत ते म्हणत होते, बघू. माझ्या प्रश्नाचं बिल करुणाच्या नावावर फाडलं गेलं. त्याबद्दल मला तुझ्याहून माझाच राग जास्त आला. पण तुझा कमी झाला नाही.

सरिता

•

छत्रपती संभाजीनगर
१ ऑक्टोबर २०२५

अभय,

काल करुणाचा रिपोर्ट जमा झाला. तुझ्या प्रमाणपत्राशिवाय. नियमात बसवून. कसा, ते वाच.

मीटिंगनंतर तिला बोलावून मी सांगितलं, की सर ऐकत नाहीत, तारीख हलत नाही, आणि यात माझी चूक आहे. ती खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होती. म्हणाली, "नियमात 'संबंधित आस्थापनेचं प्रमाणपत्र' असं हाय ना मॅडम? कंपनीच पाहिजे असं कुठं हाय?"

"मग?"

"आपली संस्था पण आस्थापनाच की. आप्पासाहेब मालक. डायरेक्टर सर मॅनेजर. तुम्ही लाईनीवरच्या." मग माझ्याकडे वळून, "आन् आमी माल."

मला हसायचं की रडायचं कळेना. नियम तीनदा वाचला. तिचं बरोबर होतं. संस्थेचाच अभ्यास करायचा, संस्थेचंच प्रमाणपत्र. उरलेल्या दिवसांत, वर्ग बुडवून, तिनं तो केला. प्रश्न तोच, फक्त 'लावताल'च्या जागी 'घालताल'. शिक्षकांना विचारलं, ऑफिसात विचारलं, कॅन्टीनवाल्याला, समितीतल्या प्रत्येकाला. आमच्या लायब्ररीतले एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या पोराला? तो हुशार आहे गं." ते वाक्य तिनं तसंच ठेवलं आहे. आणि सीनियर पोरांना विचारलं, तुमच्या धाकट्या भावाला-बहिणीला इथं घ्या म्हणताल का? एक जण म्हणाला, "म्हणीन. ब्लेझर तरी कामाला येईल माझा."

तुलाही तिनं फोन केले होते. तू उचलले नाहीस. समितीच्या उत्तरांत तुझ्या जागी, नाव न घालता, 'उत्तर मिळाले नाही' असं आहे. बस्स, तेवढंच. तिनं त्यावर एकही टोमणा मारलेला नाही. मी मारला असता.

मलाही विचारलं तिनं. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर नाही, पण दार उघडं होतं. "मॅडम, तुमच्या ऋतुराजला इथं घालताल का?"

मी म्हटलं, "तसं बघितलं तर, प्रश्न असा आहे की…"

"हो का नाय, मॅडम?"

ऋतुराज बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं तो पुण्याचे, मुंबईचे फॉर्म शोधतोय आणि मी शेजारी बसून त्याला मदत करते. एकदाही माझ्या मनात आलं नाही, की आपण रोज जिथं शिकवायला जातो ते कॉलेज त्या यादीत नाही. एकदाही नाही. तेही जाऊ दे. घरी आल्यावर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तुझ्या कॉलेजात? तूच तर जेवताना रोज सांगतेस तिथं काय चालतं ते!"

मी 'नाही' म्हटलं. नाव घातलं तरी चालेल म्हटलं.

पण तिनं मला तेवढ्यावर सोडलं नाही. "काय झालं तर 'हो' म्हणताल?" हाही तिचा प्रश्न होता, सगळ्यांना. मी तिला सांगितलं त्यातलं तुला थोडं सांगते, कारण तू समितीवर आहेस आणि मी आता नाही. पोरं एका जागी एक अख्खं सत्र राहिली पाहिजेत, पाहुणी म्हणून नाही, कामाला म्हणून. रिपोर्टचा शेवट 'नाही' असा करता आला पाहिजे, आणि तो करणाऱ्याचं वर्ष जाता कामा नये. आणि रिपोर्ट ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो वाचून दाखवला पाहिजे. कॉन्फरन्स रूममध्ये नाही, बसमध्ये. याला स्मार्ट बोर्ड लागत नाही. याला लागतो तो एक माणूस, जो समोरच्याचं 'नाही' ऐकून खुर्चीत बसून राहील. असा माणूस तयार करणं म्हणजेच व्यवस्थापन शिकवणं, असं मला आता वाटतं. उशिरा वाटतंय, ते वेगळं.

सहीचं सांगते. आमच्याकडे प्रमाणपत्रांचा गठ्ठा डायरेक्टर सरांपुढे ठेवतात आणि ते मोबाईलवर बोलत सह्या करत जातात. गठ्ठ्यात घालून टाका, कोणी बघत नाही, असं ऑफिसातल्यांनी सुचवलं. मी तसं केलं नाही. स्वतः गेले, शेवटचं प्रकरण त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. निम्म्याहून खूप जास्त लोक आपलं मूल इथं घालणार नाहीत, इथपर्यंत. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण?"

"हो, माझं नाव चौथ्या पानावर आहे."

"मी यावर सही करू?"

"नसेल करायची तर नकार लेखी द्या. कारणासकट."

ते पेन फिरवायला लागले. नकार लेखी द्यायचा तर कारण लिहावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं. त्यापेक्षा सही सोपी पडली. नंतर म्हणाले, "समितीतून तुमचं नाव कमी करावं लागेल." मी म्हटलं, करा.

एवढं सगळं झालं, तरी मला जिंकल्यासारखं वाटत नाही. कारण बसमधल्या माणसांचं काय? कचरूचं, त्या नाव नको म्हणणाऱ्या बाईचं, 'दुसरं हाय काय' म्हणणाऱ्याचं? त्यांची उत्तरं तुझ्या टेबलावर पडून आहेत. ती आता कुठल्याही मरून कव्हरात बांधली जाणार नाहीत. करुणाचं वर्ष वाचावं म्हणून आम्ही त्यांना मागं सोडलं. तेवढं तू जिंकलास, अभय. अभिनंदन.

सरिता

•

छत्रपती संभाजीनगर
२९ नोव्हेंबर २०२५

अभय,

कालच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून तू येणार, हे मला आदल्या दिवशी कळलं. 'उद्योगजगतातील तज्ज्ञ' या रकान्यात तुझं नाव. मी डायरेक्टर सरांना म्हटलं, हे बरोबर नाही, करुणाच्या बाबतीत त्यांचा आधीच संबंध आलेला आहे. ते म्हणाले, आता पत्र गेलं. मी रात्रभर तुला शिव्या घातल्या. सकाळी डायरीत त्या लिहिल्या नाहीत, म्हणून इथं नोंद करते.

गाईडनं परीक्षेत बोलायचं नसतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. टेबलावर मरून कव्हरांची चळत होती आणि तू एकेकाला तेच विचारत होतास, विषय काय, सँपल किती, निष्कर्ष काय, आणि पोरं तेच सांगत होती. समाधानी, समाधानी, समाधानी.

करुणा आली तेव्हा डायरेक्टर सर बाहेर होते. तुझ्यासाठी जेवायला नान-खलिया मागवला होता, तो पोचला नव्हता, म्हणून फोनवर कोणाला तरी झापत होते. खोलीत आपण तिघंच.

तू रिपोर्ट उघडलास. मला वाटलं होतं, चाळून बाजूला ठेवशील. तू वाचायला लागलास. चौथ्या पानावर थांबलास, वर माझ्याकडे बघितलंस, मग खाली. पुढं गेलास.

"हे 'उत्तर मिळाले नाही' कोण?"

"तुमी, सर."

"नाव का नाही घातलं?"

"न विचारता कामून घालू?"

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. एमबीएला असतानाही पेपर अवघड गेला की असंच करायचास. मग म्हणालास, "लिही."

"काय, सर?"

"नाही."

बांधलेल्या रिपोर्टात पेननं लिहायची परवानगी नसते. तूच तिच्यापुढं पेन सरकवलंस. तिनं लिहिलं. मग विचारलं, "कारण?"

"कारणपण पाहिजे?"

"सगळ्यांला विचारलं, सर."

तू दाराकडे बघितलंस. बाहेर डायरेक्टर सर खलियात रस्सा किती, यावर भांडत होते. तू हळू आवाजात म्हणालास, "कारण मी इथं शिकलो."

अभय, मी तुला इतक्या पत्रांत जे सुनावलं, ते सगळं या चार शब्दांपुढं फिकं आहे. मीही इथंच शिकले. करुणानं मला विचारलं तेव्हा मी दोन पानांचं उत्तर दिलं, हे मात्र मला सुचलं नाही.

मग डायरेक्टर सर आत आले. तू चष्मा घातलास आणि म्हणालास, "गुड वर्क. नेक्स्ट." करुणा उठली. दाराशी जाऊन वळली आणि म्हणाली, "जयभीम सर." तूही म्हणालास. म्हणालास हे मी ऐकलं. पण ते इतकं हळू होतं की तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

मार्क चांगले दिलेस, बघितले. करुणा पास होईल. तेवढ्यावर आपलं मिटलं असं समजून आज सकाळी तू मला ग्रुपवर न लिहिता वेगळा मेसेज केलास, दोन हात जोडलेले. ते हात मी ठेवून घेत नाही. प्लेसमेंटवाल्यांनी तिचं नाव कॅम्पस मुलाखतींच्या यादीतून काढलंय, 'ॲटिट्यूड' म्हणून. तूच भाषणात म्हणाला होतास, असा विद्यार्थी द्या, उद्या नोकरी देतो. तो उद्या कधी उजाडतो ते मला बघायचंय. आणि तिला तुझ्याकडे नोकरी नकोच असेल, तर तेही तिला म्हणता आलं पाहिजे, विचारल्यावर. पण विचार.

बंद खोलीत, तिसरा माणूस बाहेर जेवणाची चौकशी करत असताना, तू खरं बोललास. मी ते कमी लेखत नाही. तुझ्यासाठी ते किती अवघड होतं ते माझ्यापेक्षा करुणाला जास्त कळलं असेल. पण खोटं तू नेहमी माईकवर बोलत आलास, अभय. काजूच्या बशीसमोर, सगळ्यांदेखत, सायलीचं नाव घेऊन. आणि खरं बोलायला तुला दार लोटून घ्यावं लागतं. माझा राग तिथंच आहे, आणि तो मी माझ्यावरही धरून आहे, कारण मीही तुला ही पत्रं 'व्यक्तिगत' लिहून पाठवत आले. हे पाकीट तसं लिहिलेलं नाही. सेक्रेटरीनं फोडलं तर फोडू दे.

वीस डिसेंबरला हॉलमध्ये तुझं पुन्हा भाषण आहे. नोटीस लागली आहे, विषय 'उद्याचा व्यवस्थापक'. त्या दिवशी येताना तुझ्या टेबलावरची बसमधल्या माणसांची उत्तरं घेऊन ये. मी यावेळी पुढच्या रांगेत शिक्षकांसोबत बसणार नाही. मागं, करुणाच्या शेजारी बसेन. भाषण संपलं की कोणाला काही विचारायचंय का, असं सूत्रसंचालक विचारतात आणि कोणीच हात वर करत नाही, हे तुला माहीत आहे.

यावेळी एक हात वर होईल. तिचा झाला नाही तर माझा.

तेव्हा जे काल म्हणालास तेच म्हण. माईक तोंडाजवळ धर.

सरिता